सोमवारी राजीनामा दिला

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून निम्म्यातच थांबले असते, म्हणून लिहितेय. सोमवारी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या नोकरीचा राजीनामा दिला. भांडण झालेलं नाही, माझी तब्येतही ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यापासून सहकारनगरला आर्थिक नियोजनाच्या एका ऑफिसात काम करणार आहे. त्यासाठी लागणारी म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा दिली, एनआयएसएम नावाची संस्था घेते ती. 100 पैकी 50 लागतात, मला 78 मिळाले. बाबा, दुपारी मी फोन उचलत नव्हते, ते अभ्यासासाठी.

आई, माझ्या नर्सिंगसाठी तुझ्या पाटल्या गेल्या, ते मी विसरलेले नाही. गेले 3 महिने तेच डोक्यात होतं.

पण मार्चमधली एक रात्र सांगते. पहाटे अडीच वाजता एक काकू बिलाच्या खिडकीपाशी रुमालाची गाठ सोडत होत्या. आत एफडीची पावती. ‘ही चालेल का हो?’ पावती नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, आणि नवरा आमच्याकडे व्हेंटिलेटरवर. सही कोण करणार? नॉमिनी म्हणून काकूंचं नाव होतं, पण नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर. मी आत जाऊन त्यांच्या नवऱ्याचं सक्शन केलं, म्हणजे नळीतून कफ ओढून काढला, पण कान बाहेरच होते. 12 वर्षांत अशा किती जणी पाहिल्या! त्यांना कोणीतरी आधी भेटायला हवं होतं. ते काम मला करायचंय.

पहिली दोन वर्षं पैसे कमी मिळतील. घराचे 8 हप्ते बाजूला काढून ठेवलेत. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही चालू ठेवणार आहे, म्हणजे परतीचा रस्ता उघडा आहे. तुमची औषधं दर महिन्याला येतील, नेहमीसारखीच. रात्रपाळी सुटली, आता डबा वेळेवर खाईन. रविवारी सुट्टी, त्यामुळे स्वारगेटहून सकाळची वाईची एसटी. आई, तापात तू रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलायचीस. शुश्रूषा मी तिथेच शिकले, ती कुठेही गेले तरी माझ्याबरोबर येणार.

आता माझं ऐका. बचत खातं दोघांच्या नावावर करा, ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ असं लिहून घ्या, म्हणजे कोणा एकाच्या सहीने पैसे निघतात. सगळं एफडीत अडकवू नका. ती दोघांच्या नावावर असली तर मुदतीआधी मोडताना सहसा दोघांच्याही सह्या मागतात. दीड लाख तरी खात्यात असू द्या. बाबा, तुमची सत्तरी झाली, आधार घेऊन आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. ‘आपल्याला कशाला’ म्हणू नका. आणि बँकेतल्या मुलाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर मला विचारल्याशिवाय सही नाही.

रागावला असाल तर रविवारी समोर रागवा, मी ऐकून घेईन. पावत्यांचा डबा मी आल्यावर काढू. गुडघा दुखत असताना स्टुलावर चढायचं नाही, बाबा.

तुमची,
ताई