आल्फा दिसेना तर आधी केसांतलं तेल बघ

विश्रामबाग, सांगली

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या पोरांना ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूतल्या विद्युत लाटांची नोंद, दाखवतोयस, झकास. फक्त त्यातली ‘आल्फा लाट म्हणजे मन शांत’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नकोस.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धर. ३६ सेंमी भरलं, तर उंचवट्यापासून ३.६ सेंमी वर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंमीवर एकेक इलेक्ट्रोड. दोन्ही कानांच्या पाळ्या रेफरन्सला (तुलनेसाठी), ग्राउंडचा इलेक्ट्रोड कपाळावर. पोरांना आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुऊन यायला सांग. तेल असलं की इलेक्ट्रोडखालची पेस्ट कातडीला भिडत नाही. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली हवा, आणि सगळीकडे जवळपास सारखा. एकाचा २ आणि दुसऱ्याचा २० असला, तर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) गुणगुण वजा होत नाही, थेट आत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेव. घाम आला की रेघ संथपणे वरखाली वाहते, म्हणून पंखा चालू, पण लांब.

आता डोळे मिटायला सांग. सेकंदाला दहाएक लाटा उठतील, तीच आल्फा; डोळे उघडले की विरतील. काहींना आल्फा मुळातच कमी असते, तेव्हा दोन-तीन पोरं हाताशी ठेव. दात आवळले तर स्नायूंची खरखर बीटा (आल्फाहून जलद लाट) म्हणून खपते.

गंमत पुढे आहे. नजर मध्यावर ठेवून लक्ष डावीकडे दिलं, की उजव्या मागच्या भागातली आल्फा घटते, डावीकडची टिकते किंवा वाढते. उसाला दारं धरताना एक सरी बंद करून पाणी दुसरीत वळवतात, तसंच. मात्र हे एका खेपेत दिसत नाही. पन्नास-शंभर खेपांची सरासरी लागते.

स्मरणाचं काम लाटांच्या तालावर चालतं. थीटाच्या (४ ते ८ हर्ट्झ) एका लाटेत गॅमाची, म्हणजे त्याहून खूप जलद लाटेची, अनेक आवर्तनं बसतात. दर आवर्तनात एकेक गोष्ट धरली जाते, म्हणून एका वेळी सातेकच ध्यानात राहतात, अशी कल्पना लिस्मन आणि इडिआर्ट या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग खोल असतो, त्याची थीटा डोक्याच्या कातडीवरून धड मिळत नाही. कपाळामागच्या मधल्या जागेवर मात्र, १०० मधून ७-७ मनात वजा करायला लावलंस, तर थोडी वाढते. पापणी लवली की तीही थीटासारखीच भासते, ते तुकडे काढून टाक.

‘थीटा ऐका, पाठ करा’वाली ॲप्स पोरं दाखवतीलच, मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही. त्यापेक्षा झोप: गाढ झोपेतल्या सेकंदाला एकीहून संथ लाटांवर १२ ते १५ हर्ट्झचे स्पिंडल (लाटांचे छोटे झुबके) स्वार होतात, आणि दिवसभराचं वाचलेलं तेव्हा पक्कं होतं.

पेस्ट तिकडे मिळाली नाही तर कळव, मिरजेतून घेऊन पाठवतो.

तुझा,
विन्या