घसरगुंडीखालची जमीन कोणाची? नाशिकच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक

विषय: मुलांच्या खेळाच्या जागांची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, याबाबत

सविनय नमस्कार.

मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून उभी हयात काढली, आता निवृत्त आहे. संध्याकाळचे पाच ते सात नातीचे. ती सहा वर्षांची आहे.

मार्च महिन्यात आमच्या ले-आउटमधल्या मोकळ्या जागेत ती घसरगुंडीच्या शिडीवरून पडली. वरच्या पायरीची पट्टी एका बाजूने वेल्डिंगमधून सुटली होती. तिने पाय ठेवला आणि पट्टी वाकली. खाली पेव्हर ब्लॉक होते. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या आणि महिनाभर हात प्लास्टरमध्ये राहिला. आता हात बरा आहे. पण ती पट्टी मी रोज बघत होतो. जोडावरचा गंज मला दिसत होता. कारखान्यात असा जोड दिसला असता तर मी मशीन बंद करून त्यावर लाल टॅग लावला असता. इथे मी बाकावर बसून राहिलो, कारण टॅग लावायचा कोणी आणि कळवायचं कोणाला हेच ठरलेलं नव्हतं. ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारत फिरलो, ही खेळणी कोणाची? बिल्डर म्हणाला, जागा केव्हाच रहिवाशांच्या ताब्यात दिली. रहिवाशांची समिती म्हणाली, कागदावर ताबा घेतलेलाच नाही. खेळणी बसवणाऱ्याचा फोन नंबर खांबावर रंगवलेला होता, तो बंद होता. शेवटी आम्ही चौघांनी घसरगुंडी कापून काढली. आज तिथे जमिनीतून वर आलेले चार पाइपचे बुडखे आहेत, त्यांवर आम्ही सिमेंट थापलंय. आणि मुलं रस्त्यावर खेळतात, जिथून पाण्याचे टँकर जातात. धोकादायक खेळणं काढलं म्हणजे मूल सुरक्षित झालं असं नसतं, हे मी रोज संध्याकाळी बघतो.

ही अडचण आमच्या एका ले-आउटची नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावीच लागते. शहर पाथर्डी, म्हसरूळ, आडगावच्या बाजूने वाढलं तसे असे तुकडे शेकड्यांनी तयार झाले. कोपऱ्यात एक झोका आणि एक घसरगुंडी उभी राहते आणि मग तिला वाली उरत नाही. ले-आउटला मंजुरी महापालिका देते, भोगवटा प्रमाणपत्रही महापालिकाच देते. म्हणून खेळणी कोणीही बसवलेली असोत, ती धड आहेत की नाहीत हे विचारणारं शहरात एकच घर असावं आणि ते आपलं असावं, असं माझं म्हणणं आहे.

राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्या बाराव्या क्रमांकावर उद्यानं आणि खेळाची मैदानं आहेत. ही कामं नागरी संस्थांची. आमच्या महापालिका अधिनियमात मात्र बागा आणि मैदानं स्वेच्छाधीन कामांत मोडतात, हे मला ठाऊक आहे. जमलं तर करा, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण झोका बसवायचा की नाही ही इच्छेची गोष्ट असेल, तर बसवलेला झोका सांभाळणं ही इच्छेची गोष्ट राहत नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसं गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये तिथल्या महापालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता हा बचाव चालला नाही, कारण रस्त्यालगतच्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणं हेच मालकाचं कर्तव्य होतं. मनोऱ्याला जे लागू, ते मुलांच्या शिडीला का नको?

तपासणीची पद्धत नव्याने शोधावी लागणार नाही. 2006 च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचा असतो. तसाच एक कागद खेळाच्या जागेचा मागवा. खासगी ले-आउट असेल तर समितीने तो विभागीय कार्यालयात द्यावा, महापालिकेची बाग असेल तर आपल्याच अभियंत्याने सही करावी. सही करणाऱ्याचं नाव आणि तपासणीची तारीख त्या जागेच्या फाटकावर रंगवलेली असावी. सहाही विभागांत, सिडको आणि सातपूरच्या जुन्या वसाहतींतही. जुलैतला कागद पावसाळ्यात येतो, तर खेळण्यांसाठी मे आणि नोव्हेंबर जास्त बरे, एवढा एक बदल मी सुचवेन. गंज पावसात धरतो. तो आधी आणि नंतर बघितला पाहिजे.

काय बघायचं, तेही सांगतो, कारण हे माझं काम होतं. पाइप सर्वात आधी कुजतो तो जमिनीत शिरतो त्या रेषेवर. तिथे पाणी साचतं, माती ओली राहते आणि वर रंग ताजा असला तरी आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. हातोडीने ठोकलं की आवाजातला फरक कळतो. झोक्याच्या साखळीत वरचा हुक बघायचा, कारण लोखंड लोखंडावर घासून तिथेच झिजतं आणि खालून ते दिसत नाही. शिडी लागते. घसरगुंडीच्या पत्र्याच्या कडा हाताने चाचपायच्या. पत्रा दक्षिण-पश्चिमेला उघडा असेल तर एप्रिलमध्ये दुपारी चारला त्यावर तळहात ठेवून बघायचा. नाशकात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो पत्रा तव्यासारखा तापतो. उघड्या मांडीने त्यावर बसलेल्या मुलाला ओरडायच्या आधी भाजलेलं असतं.

कठड्याच्या गजांमधलं अंतरही मोजायचं. साधारण 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीत लहान मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. पाय खाली टेकले नाहीत तर मूल गळ्यावर लटकतं. म्हणून परदेशी मानकांत ही दोन मापं ठरवून दिलेली आहेत. फट एक तर 9 पेक्षा कमी हवी, नाही तर 23 पेक्षा जास्त. वेल्डिंग करणाऱ्याला ड्रॉइंग देतानाच हे सांगितलं तर एक रुपयाही जास्त लागत नाही.

आता जमीन. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं आणि सगळ्यात कमी दिलं जातं ते इथेच. खेळण्यांवरच्या दुखापतींत सर्वाधिक वाटा पडण्याचा असतो. मूल पडणारच, ते चढायला शिकतंय. प्रश्न एवढाच की ते कशावर पडतं. पेव्हर ब्लॉक दिसायला स्वच्छ, चिखल होत नाही, बिल काढायला सोपा. मुलाच्या डोक्यासाठी तो आणि काँक्रीट सारखेच. चेपून घट्ट झालेली माती आणि विरळ गवतही भरवशाचं नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत सोप्या मापात दिलंय की वाळूचा 9 इंचांचा थर सुमारे 4 फुटांपर्यंतचं पडणं झेलतो आणि लाकडी ढलप्यांच्या आच्छादनाचा तेवढाच थर 7 फुटांपर्यंतचं. खेळण्याच्या चारही बाजूंना निदान 6 फूट असा थर हवा, झोक्याच्या पुढे-मागे त्याहून बराच जास्त.

रबराच्या फरश्या महाग पडतात हे मान्य. पण पावसाळ्याआधी शहरभर फांद्यांची छाटणी होते. त्या फांद्या यंत्रातून काढून त्यांच्या ढलप्या घसरगुंड्यांखाली घालता येतील. काटेरी झाडं तेवढी वगळायची. पावसात त्या कुजतील, दर वर्षी भर घालावी लागेल आणि पाणी निघून जायला खाली खडीचा थर द्यावा लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन होत नाही, फोटो येत नाही. तरी मला विचाराल तर शहरातल्या दहा नव्या खेळण्यांचे पैसे वाचवून ते या जमिनीत घालावेत.

सिंहस्थाची कामं शहरात सुरू आहेत आणि आपल्या टेबलावर त्यांचाच ढीग असणार, याची मला कल्पना आहे. येणाऱ्या भाविकांसाठी घाटाच्या पायऱ्या तपासल्या जातील, कठडे तपासले जातील, तसं व्हायलाच हवं. त्याच माणसांना आणि त्याच मोजपट्टीला प्रत्येक विभागातल्या एका खेळाच्या जागेसाठी अर्धा दिवस द्या, एवढंच सुरुवातीला मागतो. सहा विभाग, सहा जागा. काय सापडलं ते लोकांना कळू द्या. पुढचं वेळापत्रक मग आपोआप ठरेल.

आमच्या ले-आउटमध्ये कोणाला पाठवलंत तर मी सकाळी सातनंतर घरीच असतो. शिडी आणि हातोडी माझ्याकडे आहे. बुडख्यांच्या जागी नवी घसरगुंडी बसवायला आम्ही वर्गणी काढायला तयार आहोत, फक्त ती कोणी आणि कधी तपासायची हे आधी लिहून मिळावं. नात अजून रोज विचारते, कधी बसणार म्हणून.

आपला,
पाथर्डी फाट्याजवळचा एक आजोबा