श्वास सोडण्याबद्दल

आई, बाबा,

काल मी हळू श्वास सोडायला शिका म्हटलं, तर फोन ठेवताना बाबा म्हणाले "श्वास जन्मल्यापासून घेतोच आहे की, त्यात काय शिकायचंय" आणि आई तू पण हसलीस, म्हणून म्हटलं फोनवर वाद नको, लिहूनच टाकते.

बाबा, तुम्ही रात्री तीनला उठून छताकडे बघत पडता ना, तसाच ऑटो लोवी नावाचा शास्त्रज्ञ तीनला उठला होता. आदल्या रात्री त्याला स्वप्नात एक प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्याने तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना (इथे मला कोणाची आठवण आली ते सांगत नाही). पुढच्या रात्री तीच कल्पना परत आली तर हा चिठ्ठीबिठ्ठीच्या भानगडीत न पडता थेट लॅबमध्ये. बेडकाच्या हृदयाला जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला (मेंदूतून निघणारी नस, रक्ताची नव्हे, मज्जातंतू) चाळवलं, ठोके मंदावले, मग त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं! म्हणजे ही नस एक रसायन सोडून हृदयाला ब्रेक लावते. १९२१ ला हे छापून आलं, १९३६ ला त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं.

तीच नस आपल्यात मेंदूपासून मानेतून छाती-पोटापर्यंत उतरते. श्वास आत घेताना हा ब्रेक जरा सैल होतो, ठोके वाढतात, सोडताना परत लागतो. मनगटावर नाडी धरून बघा, कळेल. वयानुसार हा फरक कमी होतो, तेव्हा नाही जाणवला तर लगेच डॉक्टरांना फोन करू नका.

म्हणून सगळी गंमत सोडण्यात आहे. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद हळूहळू बाहेर, म्हणजे मिनिटाला सहाच श्वास, एरवी आपले बारा ते वीस होतात. दहा मिनिटं पुरे. आणि बाबा, छाती फुगवून जोर लावायचा नाही, फार खोल ओढलात तर कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, मग म्हणाल पोरीने भलतंच सांगितलं. श्वास कोंडून पण ठेवायचा नाही.

आई, तुझ्या सांध्यांच्या सुजेचं मात्र खरं तेच सांगते. २००० साली केव्हिन ट्रेसी आणि त्यांच्या टीमने उंदरांमध्ये दाखवलं की व्हेगसला विजेने उत्तेजित केलं की सूज भडकवणारं टीएनएफ नावाचं प्रोटीन कमी तयार होतं. पण ती वीज होती, नुसता श्वास नव्हे. श्वासाने मन शांत होतं आणि बीपी थोडं उतरतं याला बऱ्यापैकी आधार आहे, सुजेचा पुरावा अजून कच्चा आहे, व्हॉट्सअॅपवर कोणी काहीही फॉरवर्ड करू दे. त्यामुळे तुझ्या गोळ्या आणि बाबांची बीपीची गोळी, दोन्ही चालूच.

आज रात्री तीनला जाग आली तर मोबाईल न बघता एवढं करा बाबा. आणि आई, ते सकाळी "केलं" म्हणाले तरी लगेच विश्वास ठेवू नकोस, संध्याकाळी घड्याळ घेऊन शेजारी बस आणि तू पण कर.

तुमची,
मास्तरीणबाई