गांडुळं जिवंत ठेव

मुलुंड, मुंबई
८ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवार धरणावर बसलास, एकही मासा लागला नाही, आणि तू पाण्याला दोष देतोयस. मला मात्र दोष तुझ्या डब्यात दिसतो. आदल्या रात्री आमिषाची गांडुळं प्लास्टिकच्या डब्यात घट्ट झाकून ठेवलीस ना? अरे, गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली हवी आणि हवाही खेळती हवी. मे महिन्यात माझा डबा स्कूटरच्या डिकीत राहिला होता. पवई तलावावर उघडला तर सगळी मेलेली, वास सुटलेला. गळ न टाकताच परतलो. इतके जीव फुकट गेले, ते अजून मनाला लागतं.

आता मी मडकं वापरतो. आत ओलसर माती, वर कुजका पाला, तोंडाला ओलं फडकं. मातीची मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. मडकं कायम सावलीत.

ओवताना अख्खं गांडूळ गळावर चढवू नकोस. तोंडाच्या बाजूला फिकट, जाडसर पट्टा दिसेल, तिथून एकदाच टोच. दोन्ही टोकं मोकळी राहिली की ते वळवळतं आणि मासा त्या वळवळीलाच येतो. गळ बारीक घे, दोरीला शिशाचं वजन अगदी हलकं लाव. फेकताना हिसका दिलास तर गांडूळ तुटून पडतं.

कटल्यासाठी मात्र गांडूळ वाया घालवू नकोस. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा तो, त्याला कणीक-पेंडीचा गोळा बरा. मरळ या शिकारी माशाला जिवंत काहीतरी लागतं हे खरं, पण बेडूक लावायचा विचार सोड. आपला मोठा बेडूक कायद्यानं संरक्षित आहे. आणि या दिवसांत पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथं गळ टाकायचा नाही, एवढं माझं ऐकच. आई-बाप गेले की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात.

विहार तलावावर जातोस का, असं विचारलंस. नाही रे, ते पिण्याचं पाणी. पवई १८९१ सालचा तलाव, तिथं परवानगी काढून बसतो. मगरी आहेत, म्हणून काठापासून जरा मागेच.

पुढच्या रविवारी पहाटेच ये. तुझ्याकडच्या तळ्यातले जिवंत मासे आमिषाला आणू नकोस, एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात सोडणं बरं नाही. गांडुळं मी सोसायटीमागच्या पाल्याखालून काढून ठेवतो. उरतील ती संध्याकाळी तिथंच परत सोडू.

तुझाच,
मुलुंडचा मित्र