जनरल पैक सन-यप यांची नोंद पूर्ण ठेवा

मा. मंत्री, माजी सैनिक व्यवहार,
दक्षिण कोरिया

महोदय,
सादर नमस्कार.

मी कोल्हापूरचा. १९५३ साली मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी जी भारतीय फौज पानमुंजोमजवळ आली, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्यामुळे मी कोरियन युद्धाबद्दल वाचू लागलो आणि वाचता वाचता दक्षिण कोरियाचे सेनानी जनरल पैक सन-यप यांच्यापाशी थबकलो. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

ऑगस्ट १९५० मधली दाबुदोंगची लढाई मला विसरता येत नाही. जूनमध्ये उत्तर कोरियाने हल्ला केल्यावर हान नदीवरचा पूल दक्षिणेच्याच फौजेने उडवला आणि पैक यांची पहिली डिव्हिजन उत्तर तीरावर अडकली. अवजड शस्त्रं मागे टाकून ती मिळेल त्या होड्यांनी पार झाली. तीच डिव्हिजन दोन महिन्यांत देगू शहराच्या उत्तरेच्या डोंगरांत, दाबुदोंगला, उभी ठाकली. गावकरी पाठीवरच्या लाकडी चौकटींवर दारूगोळा आणि भाताचे गोळे लादून डोंगर चढत होते. एके दिवशी एक बटालियन मागे सरकू लागली. शेजारच्या अमेरिकन रेजिमेंटची बाजू उघडी पडली आणि कर्नल मायकेलिस यांनी तक्रार केली. पैक स्वतः तिथे गेले. वय एकोणतीस, अंगात हिवतापाचा ताप. जवान उपाशी, तहानलेले. त्यांना खाली बसवून ते म्हणाले, आता मागे फक्त समुद्र आहे. मी पुढे होतो, मी पाठ फिरवली तर मला गोळी घाला. मग पिस्तूल काढून ते पुढे निघाले, मागोमाग बटालियन निघाली आणि गेलेली टेकडी परत मिळाली. सेनापतीने असं करावं, असं युद्धशास्त्र सांगत नाही. पण त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता असं मला वाटतं.

१९ ऑक्टोबरला हीच डिव्हिजन प्योंगयांगमध्ये शिरली, पैक यांच्या जन्मगावाजवळच. पुढे ते शस्त्रसंधीच्या बोलण्यांत होते, मग लष्करप्रमुख झाले आणि १९५३ मध्ये तुमचे पहिले चार तारे मिळवणारे जनरल.

आता त्याआधीचं. १९४३ पासून ते मांचुकुओच्या, म्हणजे मांचुरियातल्या जपानच्या बाहुल्या राज्याच्या सैन्यात, तिथल्या गांदो भागातल्या खास तुकडीत अधिकारी होते. जपानविरोधी बंडखोरांचा माग काढणं हे त्या तुकडीचं काम. आपण तिथे गेलो तेव्हा कोरियन स्वातंत्र्यसैनिक तिथे उरलेच नव्हते, असं ते सांगत. दुसरीकडे, आपल्याच माणसांवर बंदूक रोखल्याची टीका चुकवता येणार नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. २००९ मध्ये तुमच्या राष्ट्राध्यक्षीय समितीने त्यांचं नाव जपानधार्जिण्यांच्या यादीत घातलं. २०२० मध्ये देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं, तेव्हा तिच्या संकेतस्थळावर तशी नोंद झाली. जुलै २०२३ मध्ये, सरकार बदलल्यावर, आपल्याच मंत्रालयाने ती काढली. त्याच महिन्यात दाबुदोंगला त्यांचा पुतळा उभा राहिला.

पुतळ्याला माझा विरोध नाही, तो हवाच. पुसण्याला आहे.

१९४५ च्या सुरुवातीला पैक मांचुकुओच्या गणवेशात होते, तेव्हा आमचे थोरात ब्रह्मदेशात कांगॉला इंग्रजांच्या सैन्यातून जपान्यांशी लढत होते. त्याच ब्रह्मदेशात जपानच्या बाजूने आझाद हिंद सेनेतली आमचीच माणसं होती. थोरातांना इंग्रजांनी दिलेलं पदक आम्ही लपवत नाही आणि आझाद हिंद सेनेलाही मान देतो. गांदो आणि कांगॉ एका तराजूत तोलावेत असं माझं म्हणणं नाही. गांदोचा डाग कितीतरी गडद आहे. पण गुलाम देशात जन्मलेल्या शिपायाच्या आयुष्यात असे पेच येतात, आणि ते वाचकाला कळायलाच हवेत. पैक यांनी स्वतः जे नाकारलं नाही, ते त्यांच्या समाधीच्या माहितीतून सरकारने का गाळावं?

विनंती एवढीच. त्या माहितीत गांदो, २००९ चा निर्णय, त्यावर पैक यांचं म्हणणं आणि दाबुदोंग, सगळं एकत्र असावं. त्यातली वाक्यं इतिहासकारांच्या मंडळाने ठरवावीत, आणि ती बदलायची झाल्यास कारण जाहीर करावं लागेल असा नियम आपण करावा, म्हणजे पुढचं सरकार आलं तरी ती नोंद हलणार नाही.

आपला,
कोल्हापूरचा एक वाचक