मामाची व्हॅन नेण्यापूर्वी

चि. सौ. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या मामाचा फोन आला आणि तीन आठवड्यांसाठी व्हॅन द्यायला तयार असल्याचे त्याने सांगितले. त्याच्याकडे मागण्याआधी तुम्ही मला विचारले नाहीत, याचा मला राग नाही. विचारले असतेत तर गाडी भाड्याने घ्या, असेच मी सांगितले असते, आणि ते का, हे पुढे येईलच. फोनवर हे सगळे सांगायला गेलो की तू दोनदा 'हो बाबा' म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहून पाठवतो आहे. जावईबापूंनाही वाचायला दे.

एकाच माणसाच्या हाताखाली बारा वर्षे राहिलेल्या गाडीला काही खोडी जडलेल्या असतात आणि त्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत. मामाच्या व्हॅनचा सरकता दरवाजा किंचित वर उचलून ओढावा लागतो. इंधनाचा काटा पाव टाकीवर येऊन बराच वेळ रेंगाळतो आणि मग एकाएकी तळ गाठतो. इंजिन थंड असताना दुसरा गिअर आढेवेढे घेतो. मला एवढ्या तीन ठाऊक आहेत. आणखी दहा असतील, पण मामाच्या हाताला त्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्याला आठवून सांगता येणार नाहीत. म्हणून किल्ली हातात पडताच निघू नका. त्याला शेजारी बसवून तासभर गाडी चालवा. तुम्ही अडखळलात की तो 'हां, ते असंच होतं' म्हणेल. ते प्रत्येक 'असंच' एका वहीत टिपून ठेवा. गाडीभोवती फिरून चारही बाजूंची छायाचित्रे काढा, जुने ओरखडे वेगळे टिपा, किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. हा मामावरचा अविश्वास नव्हे. परत देताना दोन्ही बाजूंना काय होते आणि काय झाले, हे न भांडता ठरवता यावे, एवढ्यासाठीच हे आहे.

विम्याचे मात्र मामालाच विचारायला सांगा, कारण पॉलिसी त्याच्या नावावर आहे. मालकाखेरीज दुसरे कोणी चालवत असताना विमा लागू राहतो का, तुम्हा दोघांची नावे नोंदवावी लागतात का, आणि तुम्ही जाणार त्या साऱ्या प्रदेशात तो चालतो का, ही तीन उत्तरे लेखी घ्या. गाडी तुमच्याकडे दिल्याचे त्याच्या सहीचे पत्रही बरोबर ठेवा. मामाचा तोंडी होकार घरात पुरतो. रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला तो ऐकू येत नाही.

इथे मला एका बाईची आठवण होते. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास बर्टा बेन्झ यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये केला, तोही नवरा कार्ल बेन्झ यांना न सांगता त्यांनीच बनवलेली गाडी बाहेर काढून. दोन मुलांना बरोबर घेऊन त्या जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर होते आणि वाटेत पेट्रोल पंप ही चीजच अस्तित्वात नव्हती. इंधन म्हणून चालणारा द्रव त्यांनी वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून घेतला, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि लाकडी ब्रेक झिजू लागले तेव्हा मोच्याकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला तार केली, आणि परतल्यावर चढाला गाडी कमी पडते हेही सांगितले. मग कार्ल बेन्झ यांनी गाडीला चढासाठी आणखी एक गिअर बसवला. न विचारता नेलेली ती गाडी त्यांनी अशी परत केली की मालकाला आपली गाडी आधीपेक्षा जास्त कळली. तुमची ती वही मी याच हिशेबात धरतो आहे. वाटेत नवा आवाज आला, कुठे तेलाचा थेंब दिसला, काही बदलावे लागले, तर तारीख आणि किलोमीटरसह त्यात लिहा, आणि त्याच दिवशी मामाला कळवाही.

आता खुद्द गाडीविषयी. तुम्ही आजवर छोट्या कारमध्ये वावरलात, आणि भरलेली व्हॅन ही मोठी कार नव्हे. तिला उंची आहे, त्यामुळे पुलावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की वारा तिला ढकलतो. अशा वेळी स्टिअरिंगला झटका न देता ते घट्ट धरून वेग कमी करायचा असतो. तिची उंची मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा, कारण वाहनतळाच्या कमानीखाली शिरताना 'बसेल बहुतेक' हा अंदाज फार महागात पडतो. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध ठेवा, आणि काहीही मोकळे ठेवू नका. करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पाण्याचा कॅन थांबत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगात तुमचा पाय ब्रेककडे जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओला असेल तर याहूनही जास्त मोकळी जागा हवी.

टायरवर नक्षी भरपूर दिसली म्हणून समाधान मानू नका. व्हॅन वर्षातून थोडीच फिरत असेल तर टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. सुटे चाकही असेच तपासा, बहुतेक वेळा तेच सर्वांत जुने निघते. हवा गाडी थंड असताना भरा. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो आणि तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो.

उताराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पुढे पुढे पेडल दाबूनही गाडी हवी तशी अडत नाही. ब्रेकचे तेल जुने असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो आणि उष्णतेने ते उकळून पेडल पोकळ लागते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा, वेग इंजिनाला धरू द्यायचा आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे लावून सोडायचा. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर बाजूला थांबा, पण रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि दाब सुटताच ते उकळून अंगावर उडते.

झोपेच्या बाबतीत तुमच्या वयाचा मला विश्वास वाटत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि त्याला स्वतःला मात्र आपण ठणठणीत आहोत असेच वाटत असते. मध्यरात्र उलटल्यावर पहाटेपर्यंत आणि पुन्हा दुपारी शरीर आपसूक पेंगते. काच खाली करणे आणि गाणी मोठ्याने लावणे हे उपाय नव्हेत. कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. दर दोन तासांनी चालक बदला, आणि एक गोष्ट निघण्याआधीच ठरवून घ्या: चालवणारा दमला आहे की नाही, हे शेजारी बसलेल्याने सांगायचे आणि चालवणाऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही.

रात्री गाडीत झोपणार असाल तर काच बोटभर उघडी ठेवा. दोघांच्या श्वासातून एका रात्रीत पेलाभर पाणी बाहेर पडते आणि ते सकाळी काचांवरून ओघळून गाद्यांत मुरते. पण ही नुसती गैरसोय झाली. खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे. बंद गाडीत स्टोव्ह पेटवणे, ऊब म्हणून शेगडी ठेवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे या तिन्ही गोष्टी जिवावर बेततात. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. डोके जड झाले म्हणून आडवा झालेला माणूस मग उठत नाही. त्याची सूचना देणारे छोटे यंत्र विकत मिळते, ते मी तुम्हाला आणून देतो आहे. दिवे आणि पंखा मात्र इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर लावू नका; ती थोडा वेळ जोराचा धक्का देण्यासाठी केलेली असते, सावकाश रिकामी होण्यासाठी नाही.

आता गाडी भाड्याने घ्या, असे मी का सांगितले असते, ती गोष्ट. तुझा जन्म व्हायच्या आधी तुझी आई आणि मी मामाचीच जुनी व्हॅन घेऊन सोळा दिवस फिरलो. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत आमच्यात सगळ्या गोष्टींवरून वाद झाले होते: कुठे वळायचे, नकाशा कोणी उलटा धरला, पाण्याचे झाकण कोणी उघडे ठेवले. चार चाकांवरच्या एवढ्याशा खोलीत रागावून निघून जायला दुसरी खोली नसते, हे आम्हाला घरी बसून सुचले नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी एका अरुंद जागेतून गाडी मागे घेताना तुझी आई खाली उतरून हात दाखवत होती आणि मी रुसव्याने तिच्याकडे न बघता आरशावर विसंबलो. आरशात न दिसणाऱ्या एका बुटक्या खांबावर मागचा डावा कोपरा बसला. फार आवाज झाला नाही. तळहाताएवढा पत्रा आत गेला होता आणि रंगाचे पोपडे चाकाजवळ पडले होते.

मी वाटेतल्या एका कारागिराकडून पत्रा ठोकून घेतला आणि वरून रंग मारून घेतला. रंग साधारण जुळला. उन्हात थोडा पिवळट दिसे, सावलीत कळत नसे. मग मी ठरवले की मामाला सांगायचे नाही. तुझी आई त्यानंतर दीड दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला वाटत राहिले की तिला पोच आल्याचा राग आहे. गाडी परत दिली ती मुद्दाम तिन्हीसांजेला, धुऊन, टाकी भरून. मामा गाडीभोवती सावकाश फिरला, मागच्या डाव्या कोपऱ्याशी थांबला, रंगावरून त्याने अंगठा फिरवला आणि मग वळून 'प्रवास कसा झाला?' एवढेच विचारले. मी 'उत्तम' म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही आणि मी कधी त्याच्याकडे गाडी मागितली नाही. एका पोचापायी सव्वीस वर्षे मी त्याच्या अंगणात त्या बाजूला उभा राहायचे टाळत आलो, ती व्हॅन विकली गेल्यावरसुद्धा.

म्हणून गाडी मागे घेताना एकाने उतरायचे, चालकाला आरशात सतत दिसेल अशा जागी उभे राहायचे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने जागच्या जागी थांबायचे, मग आदल्या मिनिटाला कितीही भांडण झालेले असो. आणि काही लागलेच, तर कारागीर शोधण्याआधी मामाला फोन करायचा. दुरुस्ती कुठे आणि कशी करायची, हे त्याने ठरवावे. गाडी त्याची आहे.

काल फोन ठेवताना मामा हसत म्हणाला, "दाजी, या वेळी मागच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो मी आधीच काढून ठेवलाय." मला काय बोलावे ते सुचले नाही, म्हणून मी तुझ्या आईच्या हातात फोन दिला. शनिवारी किल्ली घ्यायला तुम्ही जाल तेव्हा मला घरून बरोबर घ्या. तुम्ही गाडी चालवून बघाल तेवढ्या वेळात माझे मामाकडे थोडे काम आहे.

तुझे,
बाबा