राजीनाम्याबद्दल, आणि डग्ग्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर "नंतर सांगते" म्हणून ठेवून दिलं, तेव्हापासून चैन नाही. सांगते. राजीनामा दिलाय. सप्टेंबरच्या सीझनपासून मी एनसीपीएत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या त्या कलाकेंद्रात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामध्ये व्हायोला (व्हायोलिनचं जरा मोठं भावंड) वाजवणार. बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.

"ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नातला का?" हे तुमचं वाक्य मला दोन दिवस पुरलं. लग्नातला नाही हो. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांच्या वडिलांनी, मेहलींनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली होती. पण ती टिकली नाही आणि ते स्वतःच परदेशी गेले. पगारावर वाजवणारा पहिला व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा देशात निघायला २००६ उजाडलं. एनसीपीएचे खुश्रू सनटूक लंडनला मरात बिसेनगालिएव्ह या कझाक व्हायोलिनवादकाला ऐकून आले आणि त्यालाच गळ घातली, म्हणून तो झाला. २०२३ मध्ये झुबिन मेहता सत्याऐंशीव्या वर्षी इथे येऊन याच ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेऊन गेले. वडिलांचं राहिलेलं काम मुलगा बघायला आला, असं मला उगाच वाटलं.

आणि "तिथे सगळे बाहेरचेच असतात" हे तुम्ही म्हणालात, ते खोटं नाही. सुरुवातीला बहुतेक वादक बाहेरचे होते, आजही मोठ्या सीझनला पुष्कळांना बाहेरून बोलवावं लागतं. लोक त्यावरून नावं ठेवतात, मीही ठेवायचे. पण इथल्या कोणीच चांगली नोकरी सोडायची नाही म्हटल्यावर त्या खुर्च्यांत बसणार कोण? मुलांना लहानपणापासून शिकवायला त्यांनी २०१२ पासून घेतलंय. मी त्या मुलांएवढी नाही, उशिराच आलेय, पण आलेय.

आई, तुला एक सांगायचं होतं. वादन सुरू व्हायच्या आधी ओबोवाला (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकायचं वाद्य) एकच लांब सूर धरतो आणि सगळेजण त्यावर आपापली वाद्यं लावतात. पहिल्या तालमीला मला एकदम तू दिसलीस. पहाटे तानपुऱ्याच्या जवारीत दोरा सरकवतेस, आणि मी पांघरुणातून ऐकत पडलेय. डोळे भरून आले. शेजारचीला वाटलं घाबरले.

खायचे-राहायचे हाल नाहीत. खोली तीच, डबा तोच, चर्चगेटहून चालत जाता येतं. पगार कमी आहे, लपवत नाही. पण महिन्याच्या महिन्याला येतो आणि तुमच्या औषधांचे पैसे मी आधीच बाजूला काढलेत. हनुवटीखाली डाग पडलाय तो व्हायोलाचा आहे, त्वचेच्या डॉक्टरांचं नाव सुचवू नकोस.

बाबा, झाकिरभाईंनी याच ऑर्केस्ट्रासाठी तबल्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे तबला पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, लिहिला होता. २०१५ मध्ये मुंबईत झाला, २०१९ च्या ब्रिटनच्या दौऱ्यातही त्यांनी तो वाजवला. नाव ठाऊक आहे? 'पेशकार'. पेशकार म्हणजे तबल्याच्या सोलोची संथ सुरुवात, हे मला तुम्हीच जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं होतंत, आमटी सांडेपर्यंत. बँकेत लागलात तेव्हाचं मी काढत नाहीये. तुम्ही केलंत म्हणूनच मला आज हे करता येतंय, हे कळतं मला. रागवू नका. किंवा रागवा, पण जेवून.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, "विसरलो" चालणार नाही. आई, मोतीबिंदूचे थेंब मोजून चार वेळा, आणि चुलीसमोर वाकायचं नाही म्हणजे नाही. रविवारी मी फोन करीन, दोघांनीही बोलायचं, एकाने मान हलवून चालणार नाही.

आणि बाबा, हे वाचून तुम्ही माळ्याकडे बघणार, मला ठाऊक आहे. शिडी लावू नका. मी गणपतीला येते, डग्गा मीच उतरवीन.

तुमची,
चिमी